बायकांचे दुखणे, पुरुषांचे दुखणे आणि कॅनाबिनॉइड रिसेप्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले म्हणजे जुन्या दुखण्याचे रुग्ण आणि त्यांचे घरचे लोक. दुसरे म्हणजे कोल्हापूर परिसरात फार्मसी, वैद्यक आणि प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी. कॅनाबिनॉइड म्हणजे गांजातली आणि त्यांच्यासारखी शरीरातली रसायने, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ती जिथे चिकटतात ती जागा. प्रयोगशाळेचे प्रश्न शेवटी घेतले आहेत, ज्यांना ते नको असतील त्यांनी तिथे थांबावे.

गांजाला कधी हात न लावलेल्या माणसाच्या शरीरात हे रिसेप्टर कशाला असतील?

कारण ते गांजासाठी घडलेलेच नाहीत. शोध लागला तो मात्र गांजाच्या वाटेने. गांजातल्या टीएचसी या मुख्य घटकाची रचना १९६४ मध्ये उलगडली. तो शरीरात नेमका कुठे बसतो, हे कळायला पुढे २६ वर्षे गेली. १९९० मध्ये सीबी१ रिसेप्टरचे जनुक सापडले, १९९३ मध्ये सीबी२चे. मधल्या काळात, १९९२ मध्ये, डुकराच्या मेंदूतून शरीराचा स्वतःचा पदार्थ वेगळा काढण्यात आला. त्याचे नाव आनंदामाइड, आणि हो, त्यातला ‘आनंद’ आपलाच संस्कृत आनंद. १९९५ मध्ये त्याच्या जोडीला २-एजी आला.

हे दोन्ही पदार्थ स्निग्धांशापासून बनतात. ते आधी तयार करून साठवले जात नाहीत. गरज पडली की पेशीच्या आवरणातल्या चरबीतून तिथल्या तिथे तयार होतात आणि काम झाले की मोडले जातात. आनंदामाइड मोडणाऱ्या एन्झाइमला एफएएएच म्हणतात, २-एजी मुख्यतः एमएजीएल मोडते. एफएएएच हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते बऱ्याचदा येणार आहे.

वेदना कमी होते म्हणजे आत नक्की काय होते?

जोतिबाच्या पायऱ्या उतरताना झिजलेल्या गुडघ्यात कळ आली असे समजा. गुडघ्यातल्या बारीक मज्जातंतूंची टोके उद्दीपित होतात आणि संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात, म्हणजे पृष्ठशृंगात पोहोचतो. तिथे पहिला तंतू ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी सोडतो, ते पुढच्या पेशीला चेतवतात आणि संदेश मेंदूकडे चढतो. दोन पेशींच्या याच जोडावर सीबी१ बसलेला असतो, बहुतेक करून संदेश सोडणाऱ्या टोकावर.

गंमत अशी की इथे निरोप उलट्या दिशेने जातो. पुढची पेशी जास्त चेतली की ती स्वतः २-एजी बनवते, तो मागे सरकून पहिल्या टोकावरच्या सीबी१ला चिकटतो. सीबी१ कॅल्शियमच्या वाहिन्या आवळतो, पोटॅशियमच्या उघडतो, आणि त्या टोकातून रसायन सुटणे कमी होते. ही उलटी वाट २००१ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झाली.

दुसरी जागा वर, मध्यमेंदूत, पेरिॲक्विडक्टल ग्रे नावाच्या भागात आहे. तिथून खाली मज्जारज्जूकडे वेदना दाबणारी वाट उतरते. एरवी या वाटेला गाबा हे रसायन लगाम घालून असते. सीबी१ तो लगाम ढिला करतो. अफूवर्गीय औषधेही याच भागात काम करतात. फरक एवढा की श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या केंद्रांत सीबी१ फार विरळ असतात, त्यामुळे मॉर्फिनच्या जादा मात्रेने श्वास बंद पडतो तसा प्रकार टीएचसीने सहसा होत नाही. याचा अर्थ टीएचसी निर्धोक आहे असा नाही. धडधड, रक्तदाब उतरणे, भ्रम, घबराट हे सगळे होते.

आणि सीबी२?

तो मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असतो. मज्जासंस्थेतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशी चेतल्या की त्यांच्यावरही वाढतो. त्याने नशा येत नाही, म्हणून औषध कंपन्यांचा त्याच्यावर डोळा आहे.

थेट सांगा: हे रिसेप्टर बायकांत जास्त असतात की पुरुषांत?

थेट उत्तर असे की मोजणारे एकमताचे नाहीत. जिवंत माणसाच्या मेंदूतले सीबी१ पीईटी स्कॅनने मोजता येतात. काही अभ्यासांत पुरुषांत जास्त भरले, काहींत स्त्रियांत. एका अभ्यासात वयानुसार वाढ फक्त स्त्रियांमध्ये दिसली. वापरलेले किरणोत्सारी द्रव्य वेगळे, हिशोबाची पद्धत वेगळी, शरीरातल्या चरबीचे प्रमाण वेगळे, आणि बऱ्याच वेळा पाळीचा कितवा दिवस होता याची नोंदच नाही. उंदरांतही मेंदूच्या भागाप्रमाणे उत्तर बदलते: पिट्युटरी ग्रंथीत नरांमध्ये सीबी१चा संदेश-आरएनए जास्त, तर हायपोथॅलॅमसमध्ये मादीच्या ऋतुचक्राबरोबर रिसेप्टरांची घनता खालीवर होते.

आमच्या मते ‘कोणात जास्त’ हा प्रश्नच अर्धा आहे. रिसेप्टर किती आहेत यापेक्षा तो पेशीच्या आत निरोप नेणाऱ्या जी-प्रोटीनला किती जोराने जागे करतो, त्याच्यापर्यंत आनंदामाइड किती पोहोचते, आणि बाहेरून घेतलेल्या औषधाचे यकृतात काय होते, या तीन गोष्टींनी परिणाम ठरतो. आणि लिंगभेद या तिन्हींत आहे.

इस्ट्रोजेन यात कुठे येते?

सगळ्यात ठोस दुवा एफएएएचशी आहे. उंदराच्या गर्भाशयात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे एन्झाइम कमी करतात, त्यामुळे आनंदामाइड टिकून राहते. माणसांत, ज्यांची पाळी नियमित आहे अशा स्त्रियांच्या रक्तात आनंदामाइड बीजमोचनाच्या सुमारास सर्वांत वर जाते, म्हणजे इस्ट्रोजेन चढते तेव्हाच.

दुसरा पुरावा प्रयोगातला. मादी उंदराची अंडाशये काढली की टीएचसीचा वेदनाशामक परिणाम कमी होतो, बाहेरून इस्ट्राडायोल दिले की परत वाढतो. पण एवढ्यावरून रजोनिवृत्तीनंतरची सांधेदुखी ‘आनंदामाइड आटल्यामुळे’ होते असे कोणी सांगत असेल, तर तो पुराव्याच्या पुढे पळतो आहे.

पाळीच्या दिवसांतला पोटातला ठणका याच कारणाने असतो का?

मुख्यतः नाही. तिथे गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणारे प्रोस्टाग्लँडिन हे कारण आहे. म्हणूनच आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड लागू पडते, आणि दुखणे भरात येण्याआधी, पाळी सुरू होताच घेतले तर जास्त लागू पडते. पहिले दोन-तीन दिवस, पोटात काहीतरी खाऊन, वेळेवर. ज्यांना जठरव्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा या गोळ्यांनी उठणारा दमा आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळ्या घेऊनही दर महिन्याला शाळा-नोकरी बुडत असेल तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) तपासणी करून घ्यावी. ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ या एका वाक्याने ते निदान वर्षानुवर्षे लांबते.

उंदरांत मादीला जास्त आराम पडतो, माणसांत पुरुषांना, असे वाचले. हे उलटे कसे?

वाचलेले खरे आहे, आणि या विषयातला सगळ्यात अडकवणारा प्रश्न हाच आहे.

उंदरांचे काम प्रामुख्याने वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या रिबेका क्राफ्ट यांच्या गटाचे. त्यांना मादीमध्ये टीएचसीचा वेदनाशामक परिणाम नरापेक्षा जास्त दिसला. मॉर्फिनच्या बाबतीत उंदरांमध्ये नेमके उलट, ते नरांना जास्त लागू पडते. २०१४ च्या कामात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मादीला सुरुवातीलाच सुमारे ३० टक्के कमी मात्रा दिली, तरी तिच्यात सहनक्षमता, म्हणजे तेवढ्याच मात्रेने परिणाम न होणे, नरापेक्षा जास्त आली.

आता माणूस. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात २१ पुरुष आणि २१ स्त्रियांनी गांजा ओढून बर्फगार पाण्यात हात बुडवला. पुरुषांना वेदना स्पष्ट कमी जाणवली, स्त्रियांना तशी नाही. पण हे सगळे नेहमी गांजा ओढणारे लोक होते. वर सांगितलेली सहनक्षमता स्त्रियांत आधीच चढलेली असेल, तर हा निकाल उंदरांच्या निकालाशी तितका भांडत नाही. शिवाय पाण्यात हात बुडवणे म्हणजे वर्षभराची कंबरदुखी नव्हे.

तिसरा धागा यकृताचा. टीएचसी मोडताना ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनते, आणि तेही चांगलेच प्रभावी असते. मादी उंदरांत ते नरांपेक्षा बरेच जास्त बनते. म्हणजे मादीत दिसणाऱ्या ‘जास्त परिणामा’चा काही भाग मेंदूतला नसून यकृतातला आहे. औषधाच्या निचऱ्यातला असा लिंगभेद किरकोळ नसतो. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची मात्रा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. कारण सकाळी उठल्यावरही त्यांच्या रक्तात ती जास्त उरत होती.

वेदनेची यंत्रणाच स्त्री-पुरुषांत वेगळी असते का?

काही टप्प्यांवर, निदान उंदरांत, हो. २०१५ मध्ये मॉन्ट्रियलमधील जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मज्जातंतूला इजा झाल्यावर नर उंदरांत दुखणे टिकवून ठेवण्याचे काम मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया करतात. त्या बंद केल्या की नराचे दुखणे उतरते. मादीवर त्याचा परिणाम होत नाही, तिच्यात ते काम प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींकडे असल्याचे दिसते. दुखण्याची तीव्रता दोघांत सारखीच, पण वाट वेगळी.

हे इतकी वर्षे लक्षात का आले नाही? १९९६ ते २००५ या काळात ‘पेन’ या नियतकालिकात आलेल्या प्राण्यांवरील अभ्यासांपैकी किमान ७९ टक्के फक्त नरांवर होते. मायग्रेन, फायब्रोमायल्जिया (अंगभर टिकून राहणारे दुखणे), जबड्याच्या सांध्याचे दुखणे, हे सारे स्त्रियांत जास्त. औषधे मात्र नर उंदरांवर घासून निघालेली.

आनंदामाइड मोडूच दिले नाही तर? असे औषध का नाही?

कल्पना उत्तम होती. स्कॉटलंडमधल्या एका स्त्रीला आयुष्यभर जवळपास वेदनाच जाणवली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्या एफएएएचशी संबंधित जनुकांत दोन बदल आढळले आणि रक्तात आनंदामाइड वाढलेले दिसले. पण फायझरचे एफएएएच रोखणारे औषध गुडघ्याच्या संधिवातावर औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा (प्लासिबोपेक्षा) सरस ठरले नाही, जरी रक्तातले आनंदामाइड भरपूर वाढले होते. बहुधा आनंदामाइड वाढले की ते टीआरपीव्ही१ या वेदना *वाढवणाऱ्या* रिसेप्टरवरही जाऊन बसते. मग जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात बीआयए १०-२४७४ या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि इतरांना रुग्णालयात हलवावे लागले. त्या औषधाचा एफएएएचखेरीज इतर एन्झाइमांवरही मारा होत होता. या वर्गातल्या औषधांवरचा उत्साह तेव्हापासून ओसरला.

सीबी१ बंद करणारे रिमोनाबंट हे वजन कमी करण्याचे औषधही असेच गेले. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे ते २००८ मध्ये युरोपातून मागे घेतले गेले, पुढच्याच वर्षी भारतातही बंदी आली.

घरातली पॅरासिटामॉल या यंत्रणेवर चालते हे खरे का?

बऱ्याच अंशी. यकृतात तिचे पॅरा-अमिनोफेनॉल होते, ते मेंदूत जाते, आणि तिथे एफएएएच त्याला ॲराकिडोनिक आम्ल जोडून एएम४०४ हे वेदना दाबणारे द्रव्य बनवते. ज्या उंदरांत एफएएएच नाही त्यांना पॅरासिटामॉलने वेदनाशमन होत नाही. सीबी१ अडवला तरी तसेच.

मात्रा मात्र नेहमीचीच: प्रौढांनी एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार तास, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी, रोजची दारू किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून बरेच कमी, तेही विचारून. चूक होते ती सर्दीच्या गोळ्यांत. त्यांतही पॅरासिटामॉल असते आणि मग एकाच दिवशी दोन पाकिटांतून ती पोटात जाते.

मिरी-लवंगेत कॅनाबिनॉइड असते म्हणे. मग तांबडा रस्सा औषधी का?

बीटा-कॅरिओफायलीन नावाचा सुगंधी घटक काळ्या मिरीत आणि लवंगेत असतो आणि तो सीबी२ला खरोखर चिकटतो. हे २००८ मध्ये दाखवले गेले. लवंगा आणि मिरी आपल्या कांदा-लसूण मसाल्यातही असतात. पण उंदरांना तो शुद्ध घटक वजनाच्या हिशोबाने मोजून दिला होता. वाटीभर रश्श्यातून जाते ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही. उलट तिखटातले कॅप्सायसिन वर सांगितलेल्या टीआरपीव्ही१वरच बसते, म्हणून तोंड भाजते. रस्सा चवीसाठी खा.

शिवरात्रीची भांग किंवा ऑनलाइन मिळणारे ‘गांजा तेल’ सांधेदुखीला घ्यावे का?

आम्ही नको म्हणतो, आणि कारणे दोन आहेत.

वैद्यकीय कारण असे की आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२१ मध्ये पुरावे तपासून वेदनेसाठी कॅनाबिनॉइडच्या सरसकट वापराला पाठिंबा दिलेला नाही. भांग तोंडाने घेतली की परिणाम चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. तोंडावाटे घेतल्यावर ११-हायड्रॉक्सी-टीएचसी जास्त बनते, हेही त्यात भर घालते. वॉरफरीन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांत रक्त जादा पातळ होऊ शकते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पूर्णपणे वर्ज्य, कारण टीएचसी वारेतून जाते आणि दुधातही उतरते.

कायद्याचे कारण असे की १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ असे धरतो. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकाने दिसतात ती यामुळे. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय भांग बाळगायला आणि घ्यायला मनाई करतो. ‘विजया’ म्हणजे भांग घातलेली आयुर्वेदिक औषधे परवान्याखाली बनतात, पण विजया ही वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या द्रव्यांच्या यादीत आहे. मालिश तेल वेगळे आणि तोंडाने घ्यायचे तेल वेगळे. बाटलीवर टीएचसी किती ते लिहिलेले नसेल तर ती घेऊच नका.

डॉक्टरांकडे जाताना काय लिहून न्यावे?

दोन पाळ्यांचे चक्र पूर्ण होईपर्यंत, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांनी आणि पुरुषांनी चार आठवडे, रोज ठरावीक वेळी ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा लिहावा. शेजारी पाळीचा दिवस, झोपेचे तास, घेतलेली गोळी आणि तिची वेळ. दुखणे कसले हेही लिहा: ठणका, जळजळ, मुंग्या, की शॉक बसल्यासारखे. जळजळ, मुंग्या आणि शॉक हे मज्जातंतूच्या दुखण्याकडे बोट दाखवतात आणि त्याची औषधे वेगळी असतात. सहा महिन्यांहून जुने दुखणे असेल तर कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञांकडे वेदना उपचाराची चौकशी करावी. हाडांच्या डॉक्टरांच्या रांगेतच अडकून राहू नये.

(विद्यार्थ्यांसाठी) मादी उंदीर घेतले की आकडे पसरतात, म्हणून नरच घ्यावेत का?

हा गैरसमज आहे. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ऋतुचक्र न पाहताही मादी उंदरांतला पसारा नरांपेक्षा जास्त निघाला नाही. एकत्र पिंजऱ्यात भांडणारे नरच कित्येकदा जास्त पसरतात. अमेरिकेच्या एनआयएचने (राष्ट्रीय आरोग्य संस्थेने) २०१६ पासून अनुदानाच्या अर्जात लिंगाचा विचार मागायला सुरुवात केली. आपल्याकडेही संस्थेच्या प्राणी नैतिक समितीकडे अर्ज करताना दोन्ही लिंगे आधीच मांडा. मागाहून मादी वाढवायच्या म्हटल्या तर नवी मंजुरी लागते.

चक्र पाहायचे असेल तर १० ते २० मायक्रोलिटर सलाइनने योनिस्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. केंद्रक असलेल्या गोल पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस, केंद्रक नसलेल्या खवल्यांसारख्या म्हणजे इस्ट्रस, पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे डायइस्ट्रस. चक्र चार-पाच दिवसांचे असते. नमुना चाचणी *झाल्यावर* घ्या, आधी हाताळले तर ताणाने वेदना दबते. आणि नरांनाही तितकेच हाताळा.

पावसाळ्यात व्हॉन फ्रेचे आकडे का बिघडतात?

व्हॉन फ्रे चाचणीत ठरावीक जोराला वाकणारे नायलॉनचे तंतू प्राण्याच्या पंजाला टोचून तो कधी पाय मागे घेतो ते पाहतात. हे तंतू हवेतला ओलावा पितात आणि मऊ पडतात, मग १५ ग्रॅमचा तंतू १५ ग्रॅमला वाकत नाही, आधीच वाकतो. जुलैत कोल्हापूरची हवा कशी असते ते सांगायला नको. तंतू सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, दर सत्राआधी तराजूवर पाच वेळा दाबून सरासरी घ्या आणि खोलीतली आर्द्रता वहीत लिहा. प्राण्यांना जाळीवर निदान १५ ते ३० मिनिटे स्थिर होऊ द्या. चाचणी कोण घेतो तेही नोंदवा: २०१४ च्या एका कामात पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासाने उंदरांत ताण वाढून वेदना दबलेली दिसली. नरांची चाचणी एकाने आणि माद्यांची दुसऱ्याने घेतली, तर लिंगभेद प्राण्यांचा की माणसांचा हे सांगता येत नाही.

टीएचसी, अँटिबॉडी आणि रक्ताचे नमुने यांत काय चुकते?

टीएचसीला एनडीपीएसची परवानगी लागते आणि ते मिळाले तरी प्लॅस्टिकला चिकटते. काचेची भांडी वापरा. इथेनॉल, क्रेमोफोर आणि सलाइन १:१:१८ हे नेहमीचे मिश्रण. नियंत्रण गटालाही तेच टोचा, कारण इथेनॉलचा स्वतःचा परिणाम असतो.

सीबी१ आणि विशेषतः सीबी२च्या बाजारातल्या अनेक अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटतात. ज्या प्राण्यात ते जनुकच नाही त्याच्या ऊतीवर पट्टी दिसली तर ती अँटिबॉडी फेकून द्या. असा प्राणी मिळत नसेल तर आरएनए मोजा किंवा रेडिओलिगँड बंधन करा.

रक्त बाहेर काढल्यावरही पेशी आनंदामाइड सोडत राहतात. नळी लगेच बर्फात ठेवा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये प्लाझ्मा वेगळा करा, उणे ८० अंशांवर साठवा. मेंदूत तर मृत्यूनंतर मिनिटागणिक आकडा चढतो, म्हणून काढणे आणि गोठवणे यातला वेळ प्रत्येक प्राण्यासाठी सारखा ठेवा. २-एजी साठवणीत १-एजीमध्ये बदलते. दोन्ही मिळून मोजावे लागते.

नरांत पी ०.०३ आला, मादींत ०.११. लिंगभेद सिद्ध झाला ना?

नाही. एका गटात फरक ठळक आणि दुसऱ्यात नाही, यावरून त्या दोन फरकांत फरक आहे असे ठरत नाही. त्यासाठी औषध आणि लिंग यांची परस्परक्रिया तपासावी लागते, म्हणजे द्विमार्गी अनोव्हातली तिसरी ओळ. तिला प्राणीही जास्त लागतात: औषधाच्या मुख्य परिणामाएवढीच मोठी परस्परक्रिया पकडायची तर साधारण चौपट. तेवढे प्राणी परवडत नसतील तर प्रत्येक गटात निम्मे नर आणि निम्म्या माद्या घ्या, प्रत्येक प्राण्याचा बिंदू लिंगाप्रमाणे वेगळ्या रंगात आलेखावर दाखवा, आणि शीर्षकात ‘लिंगभेद’ हा शब्द घालू नका.